गड्ड्यात शिरलेली हरळी, कंदात घुसलेला लव्हाळा : कराडजवळच्या एका परसाचा प्रकरण अभ्यास

माझ्या मामींचं घर कराडपासून सात-आठ किलोमीटरवर, कृष्णाकाठच्या एका गावात आहे. जमीन काळी, खोल. पावसात पायातली चप्पल ओढून घेते आणि मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. घरामागे दीड-दोन गुंठ्यांचं परस. त्यात मामींनी चाळीस वर्षांत जे जे लावलं ते सगळं एकदा लावून विसरून जायच्या जातीचं. मोरीच्या सांडपाण्यावर सोनटक्का आणि कर्दळ, कुंपणाच्या कडेनं स्पायडर लिली, उन्हाच्या पट्ट्यात निशिगंधाचा वाफा, आणि मागच्या दारापाशी गवती चहाचे पाच गड्डे, एकेक कवेत न मावणारा.

दरवर्षी बी पेरायला नको, रोपं आणायला नकोत, ही या झाडांची सोय. घोळही त्यातच आहे. झेंडूचा वाफा निदान वर्षातून एकदा उकरला जातो. सोनटक्क्याच्या किंवा गवती चहाच्या बुडाला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही, त्यामुळे तिथं शिरलेलं तण निवांत राहतं.

मामांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली तेव्हा ही दोघं पुण्याला मुलाकडे होती. २०२२ ची दिवाळी करून गेली ती जून २०२४ मध्ये परत आली. शेजारी तुळशीला पाणी घालत होते, बाकी परसाला कुणी वाली नव्हता. परतल्यावर चार दिवसांतच मामींचा फोन आला, "अगं, गवती चहा कुठला आणि गवत कुठलं तेच कळत नाही. काल चहात हरळी उकळली."

मी साताऱ्याला छोटी रोपवाटिका चालवते, त्यामुळे नात्यातल्या सगळ्या बागांची डॉक्टर मीच. पहिला उपचार मी चुकीचा केला. तो आधी सांगते, कारण पुढचं निम्मं काम त्यानं वाढवलं.

श्रावणातली भांगलण

२०२४ चा ऑगस्ट. पावसानं उघडीप दिली होती, माती मऊ होती, मला दोन दिवस मोकळे होते. गावातल्या दोन बायकांना रोजावर बोलावलं. खुरपणीला आमच्याकडे भांगलण म्हणतात, वऱ्हाडात निंदण. संध्याकाळपर्यंत परस सारवल्यासारखं दिसायला लागलं. मामी खुर्ची टाकून बसल्या. निघालेलं सगळं गवत मी खताच्या खड्ड्यात लोटलं आणि वर शेणकाला शिंपडला. तेव्हा स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

त्या दोघींतल्या थोरल्या मावशी निशिगंधापाशी जरा थांबल्या होत्या. खुरप्याच्या टोकानं माती उकरून म्हणाल्या, "ताई, ह्यो लव्हाळा हाय. वरनं खुरपून काय हुतंय? ह्येचं घर खाली हाय." मी "हो, बघू" म्हटलं आणि पुढच्या वाफ्याकडे वळले.

७ सप्टेंबरला गणपती बसले. आरतीला गेले तेव्हा परसात पहिल्यापेक्षा दाट हिरवळ होती, आणि कोवळी असल्यामुळे दिसायलाही गोड. निशिगंधाच्या वाफ्यात तर कंदाची पानं शोधावी लागत होती.

काय झालं होतं ते उघड आहे. हरळी, म्हणजेच दूर्वा, दोन वाटांनी चालते. एक धागा जमिनीवरून पळतो, पेरापेराला मुळ्या टाकतो. दुसरा जमिनीखालून जातो, पांढरट, कडक, टोकाला सुईसारखा, त्याला शेतकरी काशी म्हणतात. काशीच्या प्रत्येक पेरावर एक डोळा असतो. खुरपं चालतं वरच्या दोन-तीन बोटांत, म्हणजे नेमकं काशांचे तुकडे करायच्या थरात. ऊस लावताना आपण दोन डोळ्यांची टिपरी तोडून ओल्या सरीत दाबतो. मी भर श्रावणात हरळीची तशीच लागण करून दिली होती, तीही मजुरी देऊन.

लव्हाळ्याची तऱ्हा वेगळी. तो गवतासारखा दिसतो पण गवत नाही. दांडा दोन बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतात. हा मोथ्याच्या कुळातला. खाली बारीक तारेसारख्या धाग्यांत ओवलेल्या गाठींची माळ असते. टोकाची गाठ जिवंत आणि जोमात असली की ती मागच्या गाठींना झोपवून ठेवते. वरचा शेंडा उपटला, माळ तुटली, की झोपलेल्या गाठी एकेक करून जाग्या होतात. म्हणून "जितका उपटावा तितका वाढतो" अशी त्याच्याबद्दलची तक्रार ऐकू येते. त्यात अतिशयोक्ती फार नाही.

खताच्या खड्ड्यातलं तर सांगायलाच नको. दसऱ्याला खड्ड्यावर हरळीची गादी तयार होती.

सल्ले

गावात परस म्हणजे सार्वजनिक विषय. एकानं ब्रश कटर आणला आणि आम्ही नको म्हणेपर्यंत लिलीची पानं जमिनीबरोबर केली. दुसऱ्यानं तणनाशकाची बाटली देऊ केली. उसाच्या पट्ट्यात बाटली प्रत्येकाच्या गोठ्यात असते.

तणनाशकाला माझा तत्त्वाचा विरोध नाही, इथं ते बसत नव्हतं एवढंच. ग्लायफोसेट पानातून आत जाऊन मुळापर्यंत उतरतं, हरळीच्याही आणि सोनटक्क्याच्याही. गड्ड्याच्या आत दोघांची पानं एकमेकांत घुसलेली असताना फक्त एकावर फवारायचं कसं? शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांपुरता आणणारी अधिसूचना काढली होती. घरगुती परसात पंप पाठीला लावून ते मारणं मला पटत नव्हतंच. फक्त गवतं मारणारी औषधंही असतात, पण गवती चहा स्वतःच गवत. आणि लव्हाळा गवत नसल्यामुळे त्याला ती लागतच नाहीत. उसातल्या लव्हाळ्यासाठी वेगळं औषध मिळतं, पण ते उसासाठी आहे. निशिगंधाच्या कंदाचं काय होईल याचा प्रयोग मामींच्या वाफ्यात करायची माझी तयारी नव्हती.

म्हणून ठरवलं, मे महिन्यापर्यंत थांबायचं. तोवर फक्त हरळीचे आणि लव्हाळ्याचे तुरे विळ्यानं मारत राहायचं आणि खुरपं अजिबात लावायचं नाही. मामींना हे फार जड गेलं. हिवाळाभर फोनवर एकच पालुपद, "लोक काय म्हणतील?"

मे: गवती चहा

थांबण्याचं कारण ऊन. काशी उघडी पडून तापलेल्या पत्र्यावर आठ-दहा दिवस राहिली की मरते, श्रावणात उघडी पडली की रुजते. शिवाय एप्रिलमध्ये पाणी तोडलं की मेमध्ये निशिगंध विसाव्यात जातो, आणि पावसाच्या तोंडाशी गवती चहाचे फुटवे लावले की बिनबोभाट लागतात.

६ मे २०२५ ला सुरुवात केली. आदल्या दोन-तीन दिवसांत पाणी सोडून वाफसा आणला होता. कोरडी काळी माती ढेकळानं निघते आणि काशा तुटतात. फार ओली असली तर चिखलात काशी दिसत नाही. वाफसा साधला तर माती हातात मोकळी होते आणि काशी ओढली की हातभर सलग येते. या कामात अर्धी अक्कल एवढीच.

पाचही गड्डे वीतभर ठेवून विळ्यानं कापले. पानं सावलीत वाळवली, त्यातली हरळी मामींनी वासावरून वेचून काढली. मग गड्ड्याभोवती वीतभर अंतर सोडून टिकावानं चर घेतला, खालून पहार घातली आणि दोघींनी मिळून तो गोणपाटावर आडवा केला. आतला प्रकार तेव्हा दिसला. जुन्या गवती चहाचा गड्डा मधून मरत जातो. जिवंत फुटवे कडेला सरकत राहतात आणि मध्ये वाळलेल्या बुडख्यांचा पोकळ खळगा उरतो. आमच्या गड्ड्यांत त्या खळग्यात हरळीनं संसार थाटला होता. ऊन वरून, ओल खालून, आणि चहूबाजूंनी गवती चहाची तटबंदी, जिच्यातून कुणाचं खुरपं आत जाणार नाही. बाहेरून आम्ही सात वेळा भांगललं असतं तरी त्या खळग्याला धक्का लागला नसता.

गड्डे कोयत्यानं चार-चार तुकडे करून पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवले, तासाभरानं पाइपनं धुतले आणि एकेक फुटवा सोडवायला घेतला. मामी पाटावर बसून मेथी निवडावी तशा निवडत होत्या. गवती चहाच्या फुटव्याचं बूड फुगीर असतं, कांद्याच्या पातीसारखे एकावर एक वेढे, आतून फिकट जांभळट. काशी मात्र सरळ, गुळगुळीत, पेरापेराला कडं आणि त्यावर कागदासारखी खपली. शंका आली तर नखानं खरवडून नाकाला लावायचं. वास आला तर ठेवायचं, नाही आला तर टाकायचं.

एक फुटवा जपून ठेवण्याजोगा होता, पण मी ठेवला नाही. बाहेरून निर्मळ दिसत होता. बुडाकडच्या वेढ्यांत एक बारीक गाठ लागली म्हणून वरचा वेढा सोलला. आत काशी खालून घुसून दोन वेढ्यांच्या मधून सरळ वर चढली होती आणि तीन बोटं उंचीवर बाहेर पडून तिथं तिचं पान फुटलं होतं, चहाच्या पानाला खेटून. वरून ते पान ओढलं असतं तर टचकन तुटून हातात आलं असतं आणि काशी आत राहिली असती. खालच्या टोकाकडून, वेढा सोलून, हळू ओढली तेव्हा अखंड निघाली. हा एक फुटवा बघितल्यावर आम्ही नियमच केला: प्रत्येक फुटव्याचे बाहेरचे दोन वेढे सोलायचेच, मुळ्या दोन बोटं ठेवून छाटायच्या, दोन-तीनपेक्षा जास्त फुटवे एकत्र ठेवायचे नाहीत. मधलं लाकडी बूड सगळं फेकून द्यायचं, कितीही जीव अडकला तरी.

मामींना लगेच आळीभर फुटवे वाटायचे होते. मी अडवलं. हरळी या गावातून त्या गावात बहुधा अशीच गेली असेल, प्रेमानं दिलेल्या रोपाच्या मुळ्यांतून. साठ पिशव्या भरल्या, प्रत्येकीत एक फुटवा. बाकीचे ओल्या गोणपाटात. तीन आठवडे पिशव्या नुसत्या बघत बसायचं ठरलं.

निशिगंधाचा वाफा

दहा फूट बाय चार फुटांचा हा वाफा सगळ्यात कठीण निघाला. हरळीची काशी निदान लांब असते, हाताला लागते. लव्हाळ्याची गाठ आणि निशिगंधाचा बारीक कंद मातीत माखल्यावर सख्ख्या भावंडांसारखे दिसतात.

पाणी एप्रिलमध्येच तोडलं होतं, पानं पिवळी पडली होती. कंदांचे झुबके पहारीनं उचकटून पडवीत आणले, माती झाडली आणि परातीत घेऊन बसलो. फरक असा: निशिगंधाचा कंद सोलला की पापुद्रे निघतात, खाली चपटी चकती असते. लव्हाळ्याची गाठ सलग, कडक, वरून काळपट आणि तंतूंनी केसाळ. नखानं फोडली की आत पांढरी, आणि वास... मामींनी पहिली गाठ फोडून हुंगली आणि म्हणाल्या, "अगं, हा तर उटण्याचा वास." बरोबरच होतं. उटण्यातला नागरमोथा तो हाच. दिवाळीत जो विकत आणायचा तो वर्षभर पायाखाली होता.

काही मोठ्या कंदांत लव्हाळ्याचा धागा आरपार गेलेला होता. टोक इतकं टोकदार असतं की वाटेत बटाटा आला काय, कंद आला काय, भोसकून पुढे जातं. असे भोसकलेले कंद मी सरळ बाजूला काढले, मामींनी त्यातले चार गुपचूप परत घेतले. सुपारीपेक्षा लहान सगळे कंदही सोडून दिले. एकेक तपासत बसलो असतो तर जून उजाडला असता.

इथं एक रोखठोक गोष्ट सांगते. निशिगंधाचे निरोगी कंद मिळतात, फार महागही नसतात. माझ्या गिऱ्हाईकाचा वाफा असता तर मी सगळे कंद टाकून द्या म्हणाले असते. मामींचे कंद त्यांच्या माहेरचे, एकेरी पाकळीचे, आणि त्यांच्या आईच्या हातचे. म्हणून हा उद्योग.

कंद पडवीत गोणपाटावर सावलीत पसरले. वाफा फूटभर खणला आणि गाठी वेचल्या. बहुतेक वरच्या अर्ध्या फुटात होत्या, पण काही धागे खाली जात होते आणि मातीत तुटत होते. दीड घमेलं गाठी निघाल्या. म्हणजे वाफा साफ झाला असं नाही. गाठ धाग्यावरून तुटून राहिली की ती पुढे कधीतरी येणारच.

आणि पाऊस आला

हिशोब असा होता की ७-८ जूनला मृग लागेपर्यंत ऊन आपलं. त्या वर्षी मे महिन्याच्या उत्तरार्धातच वळीव थांबेना. मॉन्सून २४ मेला केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात शिरला. आमचं अर्धं काम उघड्यावर होतं.

पहिल्या आठवड्यात शेडच्या पत्र्यावर टाकलेल्या काशा मेल्या होत्या, हातात घेतल्या की कडकड मोडत होत्या. नंतरच्या मात्र अंगणात ढिगानं पडल्या होत्या. चार पावसांत तो ढीग खालून हिरवा झाला. तो सगळा दोनशे लिटरच्या ड्रममध्ये कोंबला, वर काठोकाठ पाणी, त्यावर फरशी आणि झाकण. पाच आठवड्यांनी उघडलं तेव्हा वासानं मामा घरात निघून गेले, पण आत एकही डोळा जिवंत नव्हता. पाणी पातळ करून केळीला घातलं.

लव्हाळ्याच्या गाठींना ड्रमचा भरवसा मी दिला नाही. त्या पाणी तापवायच्या बंबात गेल्या, रोज सकाळी ओंजळभर. आठवडाभर अंघोळीच्या वेळी परसात नरकचतुर्दशीचा वास.

कंद पडवीत असल्यामुळे वाचले. हे नशीब, नियोजन नव्हे. पुढच्या वेळी मी अक्षय्यतृतीयेच्या आसपासच खणायला घेईन, मेच्या मध्यावर विसंबणार नाही.

बाकीचे गड्डे

सोनटक्का उचललाच नाही. त्याचे गड्डे आल्यासारखे आडवे, एकावर एक चढलेले, वर पुरुषभर उंचीची दाटी. हरळीला सावली सोसत नाही. पानं बाजूला करून आत पाहिलं तर मध्ये जमीन मोकळी, गवत फक्त कडेच्या हातभर पट्ट्यात. मग उचलून काय मिळवायचं? कडेनं वीतभर खोल चर मारला, चराबाहेरच्या काशा वेचल्या, कडेचे हरळीत गुंतलेले गड्डे तेवढे कापून काढले. गेल्या वर्षी फुलून गेलेले दांडे बुडातून छाटले, एक दांडा एकदाच फुलतो. वर उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, चार बोटं पसरलं. आमच्याकडे पाचट लोक पेटवून देतात, मागितलं तर खुशीनं देतात.

कर्दळीत काहीच विशेष नव्हतं. पहार घातली, उचलली, झटकली, लावली.

स्पायडर लिलीत हरळी कमी आणि केना जास्त. केना हातानं सहज निघतो, पण उपटून तिथंच टाकला तर पेरातून पुन्हा रुजतो. शिवाय तो जमिनीच्या पोटातही फुलं धरतो आणि तिथंच बी करतो, म्हणून मुळासकट काढायचा. उपटून कुंपणाच्या तारेवर टांगला. कोवळ्या शेंड्यांची मामींनी भजी केली. लिलीचे कंद खोल होते, ते मी हलवले नाहीत.

दूर्वांचा तह

जूनमध्ये मामींनी विचारलं, "सगळी हरळी गेली तर गणपतीला एकवीस दूर्वा कुठनं आणू?" मी म्हटलं, "मामी, हरळी सगळी कधीच जात नसते." पण त्यांचं म्हणणं रास्त होतं. जनावरांना पाणी पाजायची एक दगडी डोणी गोठ्यात रिकामी पडली होती. तिच्यात माती भरून हरळी लावली, डोणी फरशीवर ठेवली, चारी बाजूंना मोकळी फरशी. धागे काठावरून खाली लोंबायला लागले की मामी कात्रीनं कापतात. २७ ऑगस्टला गणपती बसले तेव्हा जुडी डोणीतल्याच दूर्वांची होती.

पावसाळ्यातली पहारेदारी

गवती चहाच्या साठ पिशव्यांपैकी अकरा पिशव्यांत तीन आठवड्यांच्या आत हरळीनं डोकं काढलं. इतकं धुऊन, सोलून, हुंगूनही. फुटवे उपसून पुन्हा धुतले, पुन्हा भरले. त्यातल्या तीन पुन्हा फसल्या, त्या टाकल्या. बाकीचे जुलैत मागच्या बांधाला दोन-दोन फुटांवर लावले, राहिलेले आळीत गेले. जुनी जागा पावसाळाभर मोकळी ठेवली आणि दिसेल तो हिरवा धागा खालून पहारीनं सैल करून काढला.

लव्हाळ्याच्या वाफ्यात बारा दिवसांचं वेळापत्रक धरलं. उगवलेला शेंडा साधारण तीन-चार आठवड्यांत नवी गाठ बांधायला घेतो. त्याआधी तो काढला तर जुन्या गाठीतला साठा खर्ची पडतो आणि नवीन जमा होत नाही. थोरल्या मावशींना पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांनी खुरपं घरी ठेवलं आणि पहार आणली. बूड सैल करायचं, मग शेंडा धाग्यासकट उपसायचा. "आता बरं शिकलासा," एवढंच म्हणाल्या.

वाफ्यात चार काठ्यांची दोन फुटी चौकट ठोकून तिच्यातले शेंडे मोजत गेले. १२ जूनला ६३. २४ जूनला ५८, आणि तेव्हा माझा धीर सुटला होता. जूनच्या शेवटी तिथं ताग दाट पेरला. ताग छातीएवढा झाला, खाली अंधार. लव्हाळ्यालाही सावली सोसत नाही. ऑगस्टच्या मध्यावर, फुलावर येताना ताग कापून मातीत गाडला तेव्हा चौकटीत १७ शेंडे होते, पिवळे, केसासारखे. सप्टेंबरमध्ये पुन्हा ऊन लागलं तसे २६ झाले. मामी घाबरल्या, पण हे अपेक्षित होतं. खालच्या राहिलेल्या गाठी उजेडाला आल्या, त्या काढता आल्या. ऑक्टोबरच्या मध्यावर ९.

निशिगंध त्या वाफ्यात परत लावला नाही. विहिरीकडे विटांचा नवा उंच वाफा केला आणि जुलैच्या सुरुवातीला वीतभर अंतरानं कंद लावले. तिथंही लव्हाळ्याचे चार शेंडे आलेच, चारही एका कोपऱ्यात. उकरून बघितलं तर खाली मामींनी गुपचूप परत घेतलेले ते भोसकलेले कंद. मी काही बोलले नाही, त्याही काही बोलल्या नाहीत. कंद बंबात गेले.

खर्च म्हणाल तर मे-जूनमध्ये बायकांचे सहा रोज, श्रावणातले दोन रोज वाया, आणि माझे पाच रविवार. पाचट फुकट, तागाचं बी किरकोळ. सगळ्यात महाग पडलं ते श्रावणातलं स्वस्त काम, कारण खताचा खड्डा मला आख्खा रिकामा करून त्यातली माती उन्हात पसरावी लागली. ते खत मी अजूनही कुंड्यांत वापरत नाही, केळीच्या बुडाशी टाकते, जिथं हरळी आली तर निदान दिसेल.

दिवाळीच्या सुमारास निशिगंधाच्या सात छड्या आल्या, एकेरी पाकळीच्या. गवती चहाचे नवे गड्डे मुठीएवढे आहेत, चहात फक्त चहाच आहे.

सोनटक्क्याचं मात्र एक उरलं आहे. मोरीच्या पाण्यानं पूर्वेकडचं पाचट वाहून गेलं, चर बुजला, आणि नोव्हेंबरमध्ये तिथून हरळीच्या दोन काशा आत शिरलेल्या दिसल्या. येत्या मेमध्ये ती अर्धी बाजू उचलून धुवावी असं माझं म्हणणं. उचलला तर त्या वर्षी तेवढ्या भागाला फुलं कमी येणार, म्हणून मामींचं म्हणणं, येत्या ऑगस्टची फुलं होऊन जाऊ देत. तूर्त मोरीच्या तोंडाशी दोन फरश्या उभ्या करून पाणी पश्चिमेकडे वळवलं आहे आणि पाचट पुन्हा टाकलं आहे.